इमामबीची कोपी

रस निघून गेल्यावर उसाचं जे उरतं ते चिपाड. अंगावर मांस नसलेल्या माणसालाही राहुरीकडं चिपाडच म्हणतात, आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणाऱ्या इमामबीला तर सगळे तोंडावर म्हणायचे. ती हसायची. "व्हय, चिपाडच हाय मी. पन चिपाडाबिगर कुनाचा गूळ शिजला का, सांगा!"

लढाईच्या सालातली थंडी, रॉकेलसुद्धा रेशनवर. रस आटवायच्या मोठ्या कढईत, काहिलीत, बनुबाईचा रस चढला होता. तिच्या वर्षभराच्या उसाची ही एकच काहील. रस पिवळा होऊन फुगायला लागला, तोच चुलवाणातून काळा धूर आला आणि जाळ बसला.

"इमामबी, जाळ!" गुळव्या रंगनाथ ओरडला. "आता जाळ तुटला तर गूळ धरायचा न्हाई. काकवीच न्यावी लागंल बनुबाईला!"

इमामबीनं चिपाडाच्या गंजीत हात खुपसला. वरचं चिपाड खडखडीत वाळलेलं, आतलं ओलं, गरम, आंबूस.  परवा आभाळ आलं म्हणून तिनंच घाईघाईनं अर्धवट वाळलेलं चिपाड गोळा करून गंजी रचली होती.

"रॉकेल वता की जरा," बनुबाई काकुळतीनं म्हणाली.

"दिव्याला मिळंना, अन् चुलवानाला कुठलं!"

बनुबाई इमामबीकडं वळली. "बाई, सकाळी तूच म्हनलीस ना, चिपाड लई हाय म्हनून?"

इमामबी उठली ती थेट आपल्या कोपीकडं. भिंतींना गेल्या हंगामाच्या वाळक्या चिपाडाचा कूड, वर छपराला उसाचं पाचट. एवढंच तिचं घर. वाकळ आणि गाडगं बाहेर फेकलं आणि तिनं कूड ओढायला सुरुवात केली.

"अगं, निजशील कुठं?" रंगनाथ म्हणाला.

"तुमी रस हलवा, रंगनाथभाऊ!"

आधी पाचट, मागून चिपाड. चुलवाण भडभडून पेटलं. फेस कडेला आला. रंगनाथनं गार पाण्यात थेंब टाकला, बोटांत वळला. गोळी झाली नाही. इमामबीनं उरलासुरला कूड आत लोटला. पुन्हा थेंब. या वेळी गोळी झाली.

"उतरवा रं!"

गूळ गार करायच्या वाफ्यात रस ओतला.  बऱ्याच वेळानं बनुबाईनं बोट दाबून पाहिलं. गूळ धरला होता; रंग मात्र धुरकट.

"चल, आज माझ्याकडं निजायला," ती म्हणाली.

"येते. आधी हे पसरते." इमामबीनं गंजी फोडली होती. ओलं चिपाड उलथत ती उन्हाकडं बघत राहिली. "उद्या दुसऱ्याची काहील हाय."