वडगावच्या फ्रिजमधला डबा

तो थर्माकोलचा डबा आठवला की मला आजही हसू येतं. त्या दिवशी मात्र घाम फुटला होता.

सकाळी बारामतीच्या ठाण्यात एक शिक्षिका धापा टाकत आली. तिच्या वडिलांना यकृताचा कर्करोग, आणि गाठ जुन्या औषधांना दाद देईना. "साहेब, हे नॅनो औषध पुण्याहून आणलं. अतिसूक्ष्म कणांत भरलेलं असतं, गाठीत शिरून तिथंच उतरतं. आज दुपारी डोस आहे. गार राहिलं नाही तर वाया. दुसरं यायला महिना लागेल, आणि आबांकडं तेवढा वेळ न्हाय." एसटी स्टँडवर ती पाणी घ्यायला वळली, तेवढ्यात बाकावरचा औषधाचा डबा गेला होता.

स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून मी स्टँड गाठलं. तिथंच खबऱ्याचा फोन आला: एक जण पांढरा डबा मोटारसायकलला बांधून वडगाव निंबाळकरकडं गेलाय. पार्सल खिडकीत पाहतो तर तसलाच डबा पडून. वर वडगावच्या दूध संस्थेचं नाव, आत जनावरांची लस. माझी ट्यूब पेटली!

वडगाव गाठून संस्थेच्या शिपायाला समोर उभं केलं. माणूस पन्नाशीचा, गावात सगळे त्याला तात्या म्हणत.

"डबा कुठंय रे?"

"फ्रिजमदी हाय साहेब. काय चुकलं का?"

"गाईला टोचलं का?"

"न्हाय वो! सील डॉक्टरच तोडत्यात. तीनला येनार हायत, गाई बांधून ठिवल्यात." खरंच, अंगणात रांगेनं गाई उभ्या होत्या. "बाकावर डबा दिसला, पार्सलवाल्यानं काढून ठिवलाय वाटलं, आपलाच म्हनून उचलला. लस गरम झाली की गेली, हे आमाला शिकवलंय. आल्या आल्या फ्रिजात ठिवला."

डबा कुणाचा हे सांगितल्यावर त्यानं धावत जाऊन तो फ्रिजातून काढला. मग स्वतःच जीपमध्ये चढला. डबा मांडीवर धरून, खड्डा आला की "सावकाश वो!" म्हणत माझ्याच ड्रायव्हरवर खेकसत होता. मला हसू आवरेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी सील पाहिलं, तापमान पाहिलं आणि अंगठा वर केला. ती पोरगी तात्यांच्या पायाच पडली. डोस वेळेवर गेला. गुन्हा नोंदवायचा प्रश्नच उरला नाही.

सगळी नोकरी मी 'चोर कोण?' हेच आधी विचारत आलो होतो. त्या दिवसापासून 'यानं काय समजून उचललं असेल?' हे आधी विचारू लागलो.

काही महिन्यांनी तपासणीत गाठ निम्म्यावर आली. त्याच आठवड्यात आबा स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले, सोबत तात्या. हातात पांढरा डबा, आत खरवस. झाकणावर तात्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'माणसांसाठी'.