घट्ट मूठ

तळहातावर नखांच्या चार खुणा अजून दिसतात. काल रक्त घेताना लॅबमधल्या ताई दोनदा म्हणाल्या होत्या, "दादा, मूठ सैल सोडा." मी मान हलवली आणि मूठ आणखीच आवळली. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून शिकलेलं माणूस बोललं की मी आधी मान हलवतो, ऐकतो नंतर.

आज रिपोर्टात पोटॅशियम फार वाढलेलं आलं. त्यानं हृदय बंद पडू शकतं, असं कळलं. गाव राहिलं पार गडचिरोलीकडे, इथे पुण्यात माझं कोण? घाबरून मी ताईंवरच ओरडलो, "तुमचं मशीनच बिघडलंय!" सगळी रांग बघत राहिली.

"मशीन नाही हो, दादा. मूठ आवळून धरली की ते उगाच वाढलेलं दिसतं. परत घेऊ."

या वेळी त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली, लहान मुलाची उघडावीत तशी. घरापासून लांब राहणारा माणूस हात मिटूनच जगत असावा. मला वर बघवेना.

दुसरा रिपोर्ट चांगला आला. माफी मागायची, आभार मानायचे म्हणून ताईंच्या खिडकीपाशी गेलो, तर पुन्हा नुसती मानच हलली.