सात नंबरच्या प्लॉटातला बूट

सकाळी बरोबर सात वाजता शेठजींनी आमच्या अकोल्याच्या घराची कडी वाजवली. तेव्हापासून किस्से असे साचत गेले, जसं त्यांच्या जमिनीत पाणी.

आमचे हे जमिनी मोजतात. पाणी कुठे साचतं, घरं बांधता येतील का, हे पाहून नकाशा करून देतात. मग कचेरीतून प्लॉट पाडायची परवानगी मिळते. शेठजींची जमीन मोर्णा नदीच्या काठाला. "कोरडी ठक्क हाय म्हणून लिहून द्या. कोपऱ्याचा प्लॉट तुमाले स्वस्तात देतो," ते म्हणाले.

हे हरखले. आमची छकुली नुकतीच चालायला लागलेली. नदीकाठ ऐकताच मी तिला कडेवर घेतलं.

*

हे जमीन मोजायला गेले तर मधोमध म्हशी लोळत होत्या. ह्यांनी विचारलं, "शेठजी, म्हशी काहून बसल्या इथं?"

"जागेची हवा थंड हाय ना."

*

ओल पाहायला ह्यांनी हातभर खड्डा खणून ठेवला. सकाळी तो अर्धा भरलेला.

"कोणाचा तरी लोटा सांडला असन," शेठजी म्हणाले.

"एवढा लोटा?"

"मोठ्या घरचा असन."

*

त्या दुपारी हे एकाच पायात बूट घालून घरी आले.

"दुसरा कुठं हाय?" मी विचारलं.

"सात नंबरच्या प्लॉटात."

"मंग काढला काहून नाही?"

"तो खाली गेला. मी वर राहिलो हेच लय झालं."

"आपली छकुली तुमच्या गुडघ्याएवढी हाय, ध्यानात हाय ना?"

तरी कोपऱ्याचा प्लॉट ह्यांच्या डोक्यातून जाईना. म्हणे, "भराव टाकू ना वरून."

"कशावर? बुटावर?"

*

नकाशा न्यायला शेठजी आले. चहा झाला, छकुलीला त्यांनी मांडीवर घेतलं. मी दाराआडून सहज विचारलं, "शेठजी, तुमचा बंगला कोणत्या नंबरवर बांधून राहिले?"

"आमचा? तिथं?" छकुलीच्या केसांवरून हात फिरवत ते म्हणाले, "नाही बा. आमच्या घरी लहान लेकरं हायत."

ह्यांनी कप खाली ठेवला. छकुलीला त्यांच्या मांडीवरून उचलून माझ्याकडे दिलं आणि प्लॉटांच्या हद्दीला रोवलेल्या खुंट्या उपटून आणायला निघाले.

तर बायांनो, मोर्णेकाठी प्लॉट घ्यायला कोणी निघालं असेल, तर त्याले एवढा निरोप द्या: सात नंबरात डाव्या पायाचा काळा बूट हाय. पाया खोदताना सापडला, तर आमच्याकडे पाठवून द्या म्हणावं.