नवाने भाग जातो का बघा

पंख्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं हिशेब सांभाळणाऱ्या त्या बाईंना सगळे ताळाबाई म्हणत. ताळा जुळल्याशिवाय त्या कुणाचा कागद पुढे सरकू द्यायच्या नाहीत, मग तो मालकांचा का असेना. पण कॉलेजने शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीबद्दल चार गोष्टी सांगायला बोलावलं, तेव्हा त्यांनी ते पत्र नवऱ्यापुढे धरलं.

"अहो, मला कुठं भाषण येतं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"घरात तर कधी अडत नाही," पेपरातून डोकं वर न काढता नवरा म्हणाला.

लेकीने बावीस स्लाइड करून दिल्या. आत्मविश्वास, ध्येय, हात मिळवणारी हसरी माणसं. कॉलेजात ताळाबाईंनी तीन वाचल्या, मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या. चौथीला त्यांनाच जांभई आली, तेव्हा त्यांनी पडदा बंद करायला लावला.

"खरं सांगू? पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली होती."

मुलं सावरून बसली.

एका वेल्डरच्या पगारात त्यांनी ४१५०च्या जागी १४५० लिहिले होते. पगार वाटून झाला आणि ताळा सत्तावीसशेने चुकला. नोकरी जाईल या भीतीने त्या तीन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. चौथ्या दिवशी रडकुंडीला येऊन हेडक्लार्कना सांगितलं. ते म्हणाले, "फरकाला नवाने भाग जातो का बघ. जातोय? मग कुठेतरी आकड्यांनी जागा बदलल्यात." दोन मिनिटांत चूक सापडली.

उरलेले पैसे घेऊन त्या स्वतः वेल्डरकडे गेल्या. आपलेच खाडे धरले असतील, असं समजून तो विचारायलाही आला नव्हता. बायको माहेरी बाळंत झाली होती; मुलीचं तोंड बघायला जायचं त्याने रद्द केलं होतं.

"त्यानं एवढंच विचारलं, 'बाई, त्याच दिवशी का नाही बोललात?' तुमची चूक होईल. त्याच दिवशी सांगा. बोलणी खाल, पण कुणाचं तरी जाणं रद्द होणार नाही."

एक मुलगा उठला. "मॅडम, आता बेरजा कॉम्प्युटरच करतो. मग आम्ही काय करायचं?"

"चौकशी. गेल्या वर्षी आमच्याकडे जनरेटरच्या डिझेलचं बिल आलं. बेरीज चोख, सही चोख. पण त्या महिन्यात एकदाही वीज गेली नव्हती. कॉम्प्युटरला काय त्याचं? मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं, तर जनरेटर दुरुस्तीला गेलेला." हशा पिकला. "खुर्चीतून उठणारा अकाउंटंट व्हा. गोदामात जा, चहा प्या, माणसं ओळखा. कागदावर आहे ते खाली आहे का, बघा."

वीस मिनिटांचं भाषण सव्वा तास चाललं. बाहेर एका मुलीने त्यांना गाठलं. तिला कारखाना बघायचा होता, पण विचारताना शब्द अडखळत होते.

"सोमवारी ये," ताळाबाई म्हणाल्या. "आणि हो, चपला जाड तळाच्या घाल. आधी गोदाम दाखवते, तिथं पत्र्याचे तुकडे पडलेले असतात."