परत यायची ओळ

गल्फवरून माणसं टेपरेकॉर्डर आणत, जाड ब्लँकेटं आणत, अत्तराच्या बाटल्या आणत. मी आणलेली वस्तू बघायला रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातली निम्मी वस्ती आमच्या पडवीत आली आणि हिरमुसून गेली. कागद न लागणारा टाइपरायटर घेऊन आलाय, असं माझ्याबद्दल बोलणं झालं. मी कोणाला समजवायला गेलो नाही. समजवायची मला हौस नाही, आजही नाही.

तो टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर होता. कळा रबराच्या, डोकं एवढंसं, आणि त्या डोक्यात काही घालायचं तर कॅसेट लावावी लागे. कॅसेट वाजायला लागली की असा किरकिराट होई की शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून म्हणायची, "तुज्या पेटीत रातकिडं शिरलंत रे, हाकल." त्या किरकिराटातूनच खेळ यायचा. असे खेळ स्वतः लिहून करणारा आमच्या जिल्ह्यात मी पहिला. दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

शाळा माझी चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मला खोक्यांनी शिकवली. गल्फमध्ये मी इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात हमाली करायचो. कुठली बाजू वर ठेवायची, कुठलं खोकं जपून उचलायचं, हे वाचता आलं नाही तर शिव्या बसत. एकदा एक कॉम्प्युटर खोकं फुटून आला. विकण्याजोगा राहिला नव्हता, मालकाने तो मला देऊन टाकला. त्याच्याबरोबर एक पुस्तक होतं, त्यातल्या ओळी बघून बघून ठोकायच्या. मी अर्थ न कळता ठोकत गेलो. चुकलं की यंत्र बरोबर त्या ओळीवर बोट ठेवून थांबायचं. ओरडणं नाही, छडी नाही. असा मास्तर लहानपणी भेटता तर मी शाळा सोडली नसती.

मग हळूहळू अर्थ लागला. 'इफ' म्हणजे जर, 'देन' म्हणजे तर. जर खडक लागला, तर होडी फुटली. एवढं कळल्यावर मला कोणी अडवणारा नव्हता. मी केलेले खेळ मालक दुकानाच्या काचेमागे लावून ठेवायचा आणि रस्त्यावरची माणसं थांबायची.

सुट्टीवर येताना मी मुंबईत एका व्यापाऱ्याला भेटून आलो. तो हेच कॉम्प्युटर विकायचा, पण त्याच्याकडचे खेळ सगळे परदेशी. तो म्हणाला, "आपल्याकडचा एखादा करून दे. चालला तर पुढचेही तुझ्याकडूनच घेईन." म्हणजे मला परत जावं लागणार नव्हतं. माझी मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती आणि मला बघितलं की आईच्या पदराआड जायची. तिची भीड मोडेपर्यंत सुट्टी संपली असती. मला जायचंच नव्हतं. तसं मी बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "मला काय विचारता? बाबांना विचारा. शब्द त्यांनी टाकलाय."

खरं होतं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायचो, तांडेल होते. सगळी बोट त्यांच्या हुकमावर चालायची. माझी नोकरी त्यांनी दाभोळच्या एका मित्राला सांगून लावली होती. मी मध्येच सोडली असती तर त्यांचा शब्द पडला असता. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काम दाखवा. काम असंल तर मी सोता त्याला सांगीन. नायतर जावयबापू, बॅग भरा."

खेळ होता होडीचा. टीव्हीच्या उजव्या कडेला किनारा, डावीकडे दर्या. उजवीकडून निघायचं, खडक चुकवायचे, मासळी उचलायची. जितकं लांब जाल तितकी मोठी मासळी, तितके जास्त मार्क. आणि जितकं लांब जाल तितका वारा वाढत जाणार.

मामा दुपारचे जेवून आले, चष्मा लावला आणि बसले. कळांना हातच लावेनात.

"दाबा ना," मी म्हटलं.

"वारा कुठचा हाय?"

मी बोटाने दाखवला. मग त्यांनी होडी काढली. खडकांतून अशी नेली की मी लिहिताना तशी नेली नव्हती. बांगड्याचे दोन थवे उचलले. पलीकडे सुरमई दिसायला लागली आणि वारा वाढला. मामांनी होडी फिरवली.

"मामा, सुरमई तिकडं."

"दिसतेय."

"मग?"

"वारा दिसत नाय तुम्हाला?"

लाटा खात खात ते उजव्या कडेला आले. कडेला होडी लागली, मोठा आवाज झाला, होडीचे तुकडे उडाले आणि पडद्यावर 'खेळ संपला' आलं. तेही इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती.

"ह्ये काय झालं?"

"मेलात."

"कोण?"

"तुम्ही."

"मी तर घरी आलो."

"मामा, खेळात घरी येत नाहीत. पुढं पुढं जायचं, मार्क वाढवायचे, शेवटी मरायचं. जगभर असंच असतं."

"मग जगात कोणाची बायको वाट बघत नसंल," मामा म्हणाले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. "एवढा वारा काढून माणूस दारात आला, नि तुम्ही त्याला दारात बुडवलात. ह्ये काम नाय. बॅग भरा."

मी चिडलो. ज्यांनी कधी खेळ बघितला नाही त्यांनी मला खेळ शिकवायचा? बायकोशी दोन दिवस बोललो नाही, जसं काही तिनेच होडी फोडली. मामा चुकले हे दाखवायचं म्हणून मी जेटीवरचे ओळखीचे खलाशी बोलावले. तरणीताठी माणसं, पुढं घुसतील असं वाटलं होतं. एकजात सगळे वारा वाढला की फिरले आणि एकजात सगळे कडेला फुटले. एकाने मला विचारलं, "तुमच्याकडं बंदर बांधायचं राहिलं काय?" बाकीचे हसले. मी हसलो नाही.

ते गेल्यावर बायकोने कळांवर हात ठेवला. मी म्हटलं, तुला काय कळणार. तिने थोडी मासळी घेतली, वळली, कडेजवळ आणून होडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, मी होडी कुठं लावू?"

जायच्या ओळी मी पानं भरून लिहिल्या होत्या. यायची एकही नव्हती.

लिहायला बसलो तर यंत्राचं डोकं भरलेलं. एक अक्षर आत घ्यायला तयार नाही. मग मी एकेक वस्तू बाहेर काढायला लागलो. आधी समुद्रपक्षी गेले. मग सुरुवातीची धून गेली, जी जमवायला मला फार दिवस लागले होते. मग माडांची रांग गेली. तरी जागा पुरेना. उरलं होतं सुरुवातीचं पान, त्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव. दुसरं काहीतरी काढता येतं का म्हणून मी बराच वेळ बघितलं. नव्हतं. नाव काढलं. ते मला लागलं, खोटं सांगणार नाही. पुढे कितीतरी खेळ केले, ते यंत्र जाऊन मोठे कॉम्प्युटर आले त्यांच्यावरही केले, आता फोनवर करतो, आणि त्या सगळ्यांवर नाव आहे. याच्यावर नाही. आता हौशी मंडळी तो जुना खेळ फोनवर चालवतात आणि कोणी केला म्हणून एकमेकांना विचारत बसतात. मी केला. घ्या, लिहून दिलं.

मिळालेल्या जागेत मी जेटी बांधली. मासळी मोजायची ती जेटीला लागल्यावरच, आधी मार्क नाही. त्या दिवसांत मी खाडीच्या तोंडाशी जाऊन बसायचो. ओहोटीला वाळूचा दांडा वर येतो, मग बोटी बाहेर खोळंबून राहतात, पाणी चढलं की आत शिरतात. लहानपणापासून बघितलेलं, पण लिहायचं सुचलं नव्हतं. तेही घातलं. मामांना काही बोललो नाही. फक्त म्हटलं, एकदा बसा.

ते नाखुषीनेच बसले. गेले, थोडी मासळी घेतली, वारा बघून फिरले. दांड्याजवळ आले आणि कळांवरून हात काढून स्वस्थ बसले. बायको दारात उभी.

"दाबा ना," न राहवून मी म्हटलं.

"गप बसा हो. भरती येऊ दे."

पाणी चढलं. मामांनी होडी आत घेतली, जेटीला लावली. मासळी मोजून झाली. त्यांनी ना मला शाबासकी दिली ना बायकोकडे बघितलं. म्हणाले, "परत लावा."

व्यापाऱ्याला कॅसेट दिली तर तो म्हणाला, "माणूस मरत नाही, यात मजा काय? शेवटी एखादा स्फोट घाल." मी म्हटलं, घालणार नाही. दुकानात लावून ठेव, गिऱ्हाईक खेळ अर्धवट टाकून उठलं तर माझा खेळ मला परत दे. सुट्टी संपत आली होती, घरात बॅग अर्धी भरलेली होती, आणि तरी मी हे बोललो. मागे हटणं मला जमत नाही. काही दिवसांनी त्याचाच निरोप आला: दुसरा कधी देतोस?

दाभोळचे ते गृहस्थ पुढच्याच आठवड्यात रत्नागिरीला आले. मामा मला घेऊन जेटीवर गेले. दोघांची मासळीची, डिझेलची, मुलांच्या लग्नांची बोलणी झाली. मी मागे उभा होतो. शेवटी मामा म्हणाले, "भाय, आमचा जावय काय परत येत नाय."

"का? तब्येत बरी नाही का?"

"ठणठणीत हाय. बोटीवर लागलाय."

"कोणाच्या बोटीवर?"

मला वाटलं, मामा आता टीव्हीचं सांगतील आणि हसतील.

"त्याचीच हाय," मामा म्हणाले. "तांडेल पण तोच."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मासळी लागते का?"

"लागते," मी म्हटलं.