जव्हारसाठी लेडीज सायकल

"मुलींना एवढा लांबचा सायकलप्रवास झेपणार नाही, बाई," असं आमचे हेडमास्तर अगदी शांतपणे म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुण्याची. कॉलेजला सगळी वर्षं सायकलने गेले, तेही पाचवारी नेसून. लग्नानंतर नवऱ्याला तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरी लागली म्हणून बोईसरला आले आणि तिथल्या हायस्कुलात नववीची वर्गशिक्षिका झाले. झेपणार नाही म्हणे! कुणाला सांगताय?

झालं होतं असं. पुढच्या वर्षी मुलांची सायकलसहल जव्हारला न्यायची असं शाळेने ठरवलं होतं. बोईसरहून पालघर, मग मनोर, विक्रमगड आणि वर जव्हार. चाळीसेक मैल तरी होतात. त्याआधी नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा-सात शिक्षकांनी जाऊन रस्ता पाहून यायचा होता. माझ्या वर्गातल्या सात मुलींनी अर्ज लिहिला की सहलीला आम्हालाही न्या. अर्जावर पहिली सही होती दांडी गावाहून एस.टी.ने येणाऱ्या एका कोळ्याच्या मुलीची. अर्ज तिनेच लिहिला होता, ते तिच्या अक्षरावरून मला लगेच कळलं.

मी तो अर्ज घेऊन हेडमास्तरांशी दोन दिवस भांडले. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. नाताळात तुम्ही आमच्याबरोबर चला. जव्हारपर्यंत सायकलवर पोचलात, तर मुलींची नावं यादीत. मग मी एक शब्द बोलणार नाही."

"लिहून ठेवा सर," मी म्हटलं.

एवढा तोरा मिरवला खरा, पण सायकल कुठे होती? माझी पुण्याची सायकल धाकटी बहीण चालवत होती. बोईसरात लेडीज सायकल म्हणजे डोंबल! दुकानदार जेन्ट्स सायकलकडे बोट दाखवून म्हणायचा, "चलेगी बहनजी." अरे, मधला दांडा साडीने ओलांडू कशी, ते तूच दाखव ना! नवरा म्हणाला, "एस.टी.ने जा की, वर पोचलीस म्हणजे झालं." त्या दिवशी त्याच्या भाजीत मी मीठ घातलं नाही.

माझी ही वणवण पाहून ती दांडीची मुलगी एकदा मधल्या सुट्टीत आली. "बाई, आमच्या घरी लेडीज सायकल हाय. माझा बाबा चालवतो." मला हसूच फुटलं. पण त्यात वेडेपणा काही नव्हता. मागच्या कॅरिअरवर मासळीची उंच टोपली बांधली की मागून टांग टाकता येत नाही. म्हणून तिच्या वडिलांनी तारापूरच्या एका म्हाताऱ्या पारशी बाईकडून तिची जुनी सायकल मुद्दाम घेतली होती. बायको बोईसरच्या बाजारात बसायची आणि तो तिला त्या सायकलवरून माल पोचवायचा.

रविवारी मी दांडीला गेले. सायकल अंगणात होती, काळीकुट्ट आणि चिकट. जवळ जाताच असा भपकारा आला की मी नाकाला रुमालच लावला. नुसत्या टोपलीचा वास नव्हता तो. सायकलीला, अगदी चाकाच्या तारांनासुद्धा, मासळीचं तेल चोळलेलं होतं. माझ्या माहेरी अंडं शिजलेलं कुणी पाहिलं नाही. त्या तेलकट सीटवर साडीने बसायचं आणि दोन दिवस तो वास अंगावर घेऊन जव्हारला जायचं? मी दोन पावलं मागे सरले.

मुलीची आई माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "बाय, वासाचं सोडा, रिम बगा. ह्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला आतून गंज खातो. वरून कळत पन नाय. आमी तेल लावतो म्हनून ही टिकली. न्या तुमी. दोन दिवस आमी टोपल्या एस.टी.त टाकू. पोरीचं नाव हाय ना त्या अर्जात."

तिने चहा आणला. मी म्हटलं, "माझा उपास आहे." उपास कसला, मेला! "बघते, कळवते," असं म्हणून मी निघाले. रुमाल मी काढला तो एस.टी.त बसल्यावर. मुलगी थांब्यापर्यंत पोचवायला आली होती.

पुढल्या आठवड्यात पालघरला एका सायकलवाल्याकडे मला हवी तशी लेडीज सायकल दिसली. हिरवीगार, नुकती रंगवलेली, रिमांना आणि तारांना सिल्व्हर रंग. काय झळकत होती! दुकानदार म्हणाला, चिंचणीच्या एका घरातून आली, वापर फारसा नाही. नवरा बरोबर होता. तो म्हणाला, "टायर उतरवून रिम आतून बघू या का?"

"तुम्ही तुमची वीज बघा," मी त्याला तोडलं. "सायकलीतलं मला कळतं."

कळतं म्हणे! चिंचणी काय आणि दांडी काय, समुद्र एकच, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत सायकल नजरेने पारखायची मला सवय. बेटेगावपर्यंत जाऊन-येऊन पाहिलं, लोण्यासारखी चालली. दांडीला मी काहीच कळवलं नाही.

नाताळच्या सुट्टीत पहाटे आम्ही निघालो. पालघरपर्यंत हेडमास्तर दर मैलाला मागे वळून विचारत होते, "बाई, दमलात का?" मी दात खाऊन "नाही सर" म्हणत होते. पालघर सुटल्यावर वाघोबाची खिंड लागते. तिथल्या चढावर पीटीचे मास्तर आणि मी, दोघंच सायकलवर होतो. हेडमास्तर खाली उतरून धापा टाकत सायकल ढकलत होते. माथ्यावर पोचून मी त्यांची वाट पाहत उभी राहिले आणि मनात म्हटलं, घ्या आता, सातही नावं लिहा.

उतार लागला आणि मी ब्रेक दाबले. ब्रेकचे रबर रिमला घासले आणि मागून करकर आवाज आला. मग चाक इतकं हेलकावायला लागलं की मला हँडल आवरेना. मी रस्त्याच्या कडेला गवतात जाऊन आदळले. कोपर सोलवटलं, ते काही नाही. उठून पाहिलं तर मागची रिम फाटली होती आणि तारा सुटून लोंबत होत्या. पीटीच्या मास्तरांनी टायर बाजूला करून रिमला हात लावला तर शिळ्या पापडासारखा तिचा तुकडा हातात आला. वरून सिल्व्हर रंग, आत नुसता गंज.

मास्तर बिचारे म्हणाले, "माझी घ्या, बाई." मी साडीचा काष्टा मारला आणि त्यांच्या जेन्ट्स सायकलवर तीनदा चढून पाहिलं. पाय पेडलला पोचेनात. तीनदा पडले. सगळे पुरुष दुसरीकडे बघत होते, तेच मला जास्त झोंबलं. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर कशी रडणार? शेवटी गवताच्या एका ट्रकवर मला आणि त्या हिरव्या भंगाराला चढवून पालघरला परत पाठवलं. बाकीचे जव्हारला गेले.

जानेवारीत शाळा उघडली आणि मी हेडमास्तरांच्या टेबलापुढे उभी राहिले. "सर, सायकल मोडली, मी नाही. खिंड कोण चढलं, तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," ते म्हणाले. "पण बाई, सायकल तुम्हीच निवडली होती ना?"

दुसऱ्या दिवशी सूचना निघाली: पुढील वर्षाची सहल, फक्त मुलग्यांसाठी. वर्गशिक्षिका म्हणून ती माझ्याच वर्गात मलाच वाचून फळ्यावर लिहावी लागली. सायकलची रिम गेली, म्हणून मी पोचू शकले नाही, असं मी सांगितलं. कोपरावरची पट्टी सगळ्यांना दिसतच होती.

पहिल्या बाकावरची एक मुलगी हळहळून म्हणाली, "मग चांगली सायकल तुमाला कुठंच मिळाली नाय का, बाई?"

दांडीच्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या वर्गातल्या निम्म्या मुली मासळीच्या घरांतून आलेल्या. त्यांच्यासमोर मी काय सांगणार होते?

"नाही मिळाली," मी म्हटलं.

दांडीच्या मुलीने खाली मान घातली, वही उघडली आणि मी फळ्यावर लिहिलेली मुलग्यांची सूचना इतरांसारखीच उतरवून घेतली.