रुबीनाच्या तेलाचा वास

केजच्या बसस्टँडमागं मतीनभाईंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बंद पडलेली मोटर समोर आली की ते आधी वाकून तिचा वास घेतात आणि न उघडताच सांगतात, वाइंडिंग जळाली. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण आमची मोटर जळाली तेव्हा दोन तास फ्यूजच बदलत बसलो होतो.

त्यांची बायको रुबीना तीन वर्षांपूर्वी वारली. गेल्या उन्हाळ्यात काम करता करता त्यांना तिच्या केसांच्या तेलाचा वास आला, मेथ्या घालून उकळलेल्या खोबरेलाचा. मग तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला. वास आला की ते जागच्या जागी थिजत, आणि एकदा त्यांचा हात चालू तारेवर पडता पडता राहिला. मुलगी शाहीन त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हे फिटचेच छोटे झटके आहेत, रोज गोळी घ्या. मतीनभाईंनी साफ नकार दिला. गोळीनं वासही जाईल, ही त्यांची भीती.

समजूत घालायला शाहीननं मला बोलावलं. मला तेवढंच पाहिजे होतं. निवृत्त मास्तराला श्रोता मिळाला की तासाची घंटा कोण ऐकतो? मी कागदावर मेंदू काढला, तो फुलकोबीसारखा झाला, आणि ऐटीत सांगितलं की हा रुबीनाभाभींचा वास नाहीच, मेंदूतला नुसता स्पार्क आहे.

मतीनभाईंनी कागद उचलून ती फुलकोबी उजेडात धरली.

"स्पार्क हाय, पटलं मला. पण सर, स्पार्कला तिचंच तेल कावून सापडलं?"

मी आठवी ते दहावीची सगळी पुस्तकं मनात चाळली, आणि चहा मागवला.

गोळ्या त्यांनी पुढं घेतल्या, पण माझ्या व्याख्यानामुळं नव्हे. शाहीन रडली म्हणून. वास थांबला. परवा मी भीत भीत विचारलं, आता कसं वाटतं?

"आधी ती यायची," ते म्हणाले. "आता आठवत आठवत मलाच जावं लागतं तिच्याकडं."

मला स्वतःची लाज वाटली. घरी येताना मी माझ्या बायकोच्या, गीताबाईच्या तेलाचा वास आठवून पाहिला. काही केल्या आठवेना. घरी पोचलो तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. मी मागून वाकून तिच्या केसांचा वास घेतला.

"मी काय जळालेली मोटर हाय का?" ती म्हणाली.

तेल कोणतं लावतेस, मी विचारलं. चाळीस वर्षांत आजच कावून इचारताय म्हणत तिनं सांगितलं. एका वासात पाठ होईना, म्हणून मी पुन्हा वाकलो.